एकोणिसावा कारागीर

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘प्रधानमंत्री विश्वकर्मा’ योजनेचा शुभारंभ केला, तेव्हा तिच्या यादीत अठरा व्यवसाय होते. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, हार गुंफणारे माळी, शिल्पकार, होड्या बांधणारे, शस्त्रे व चिलखते घडविणारे, कुलुपे करणारे, हातोड्या व अवजारे बनविणारे, टोपल्या-चटया-केरसुण्या वळणारे, बाहुल्या व खेळणी करणारे आणि मासेमारीची जाळी विणणारे. मराठी माणसाला अठरा हा आकडा नवा नाही. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार ही गावगाड्याची जुनीच मोजदाद आहे. दिल्लीतील यादी करणाऱ्यांच्या मनात हा आकडा होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. परंतु यादी वाचताना गावगाडाच डोळ्यांपुढे उभा राहतो, एवढे खरे.

आता ही यादी घेऊन वाशिम जिल्ह्यात फिरावे. येथे होडी बांधणारा शोधावा लागेल. चिलखत घडविणारा तर वाकाटकांच्या वत्सगुल्माबरोबरच अस्तंगत झाला असावा. मात्र वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा यांपैकी कोणत्याही गावी बसस्थानकाच्या आसपास किंवा शाळेच्या कोपऱ्यावर एखादी पत्र्याची टपरी दिसेल. तिच्या आढ्याला जुने टायर टांगलेले असतील, पुढे पाण्याचे घमेले असेल, बाजूला पायाने दाबून धरायचा उभा पंप असेल आणि मध्ये उकिडवा बसलेला, बहुधा साठी ओलांडलेला एक माणूस असेल. सायकल दुरुस्त करणारा हा कारागीर अठरांत नाही. तो बारांतही नव्हता. प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज या ज्या सवलती त्या योजनेत आहेत, त्यांतील एकही त्याच्या टपरीपर्यंत पोहोचत नाही. कारण उघड आहे. ही योजना पिढीजात, कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या हस्तव्यवसायांसाठी आहे; आणि सायकलदुरुस्तीला परंपरा नाही.

परंपरा नाही, हीच खरे तर या व्यवसायाची थोरवी म्हणावी लागेल. यंत्र येथे आले तेव्हा त्याच्याबरोबर कोणतीही जात आली नाही. लोहाराचा मुलगा लोहार आणि परटाचा मुलगा परीट अशी ज्या समाजाची घडी होती, त्यात सायकलचे दुकान हे पहिले असे ठिकाण ठरले, जेथे कोणाच्याही मुलाने पाना हाती घ्यावा आणि कोणी त्याला ‘हे तुझे काम नव्हे’ असे म्हणू नये. मुसलमान, बौद्ध, बंजारा, कुणबी, माळी, ब्राह्मण अशा कोणत्याही घरातून या धंद्यात उतरण्याची वाट मोकळी होती. आठवी-नववीत शाळा सुटलेला मुलगा उस्तादाजवळ राहायचा, आधी झाडलोट, मग हवा भरणे, मग पंक्चर, मग चाक असे एकेक पायरीने शिकायचा आणि चार-पाच वर्षांत स्वतःची टपरी टाकायचा. भांडवल म्हणजे दहा-बारा पाने, एक हातोडी, एक कानस, एक पंप. जातीची सनद लागत नाही असे कौशल्य गावाच्या चव्हाट्यावर आणून ठेवण्याचे काम जेवढे सायकलने केले, तेवढे फार थोड्या वस्तूंनी केले असेल. आणि आज कारागिरांची यादी करताना नेमका तोच निकष त्याच्या विरुद्ध जातो!

मराठी मुलखातील उद्योगाचा इतिहासही या टपरीशी नाते सांगतो. जॉन डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचा शोध लावून त्याचे पेटंट घेतले ते १८८८ साली. त्याच साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बंधूंच्या साहाय्याने सायकलचे दुकान थाटले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकविणारा हा शिक्षक सायकली विकता विकता लोकांना त्या चालवायलाही शिकवीत असे. पुढे लोखंडी नांगर आला, चारा कापण्याचे यंत्र आले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगराची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे सायकलचे दुकान मात्र चरित्रग्रंथांच्या पहिल्या प्रकरणातच राहून जाते. अमेरिकेत राईट बंधूंचेही तेच. विमान उडविण्यापूर्वी डेटन गावात त्यांचा सायकली दुरुस्त करण्याचा आणि बनविण्याचा व्यवसाय होता, आणि १९०३ च्या त्यांच्या विमानातील पंखे फिरविण्यासाठी सायकलच्याच धर्तीची साखळी व दातेरी चक्रे वापरलेली होती. समतोल, घर्षण, ताण, वजन यांचे ज्ञान जेथे हाताला होते असे हे ठिकाण आहे. त्याला केवळ ‘पंक्चरचे दुकान’ म्हणून हिणविणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

या कामात कौशल्य ते काय, असा प्रश्न सुशिक्षितांकडून हमखास विचारला जातो. म्हणून त्याचे थोडे तपशिलात वर्णन करणे अस्थानी ठरू नये. पंक्चर हे सर्वांत साधे काम समजले जाते. चाक न काढता टायरची एक बाजू रिमवरून उतरवायची, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून घमेल्यातील पाण्यात इंच इंच फिरवायची, बुडबुडे निघतील तेथे खूण करायची, ती जागा कानशीने घासायची, सोल्यूशन लावायचे आणि थांबायचे. या थांबण्यातच अर्धी विद्या आहे. सोल्यूशन हाताला चिकटेनासे झाले की मगच ठिगळ बसवायचे. घाई केली तर तेच ठिगळ चार दिवसांनी सुटते. पुढची पायरी नवख्यांकडून हटकून राहते. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटे फिरवून काटा अजून रुतलेला तर नाही ना, हे पाहावे लागते. वऱ्हाडात तर हे अधिकच आवश्यक. येथील वाटेवर बाभळीचा काटा आहे आणि बांधावर सराटा आहे. एका काट्याने पंक्चर झालेल्या टायरमध्ये आणखी दोन काटे मुकाट्याने वाट पाहत बसलेले असतात.

चाकाचा ‘आऊट’ काढणे ही त्याहून वरची विद्या. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्या चाकाला चाळीस तारा असतात. प्रत्येक तार आपल्या बाजूला ओढत असते आणि या ओढाताणीच्या समतोलावर रिम गोल राहते. एक तार सैल झाली की शेजारच्या तारांवर भार येतो, चाक डावीकडे-उजवीकडे हेलकावते, ब्रेकचे रबर घासू लागते. कारागीर सायकल उलटी करून चाक फिरवितो, रिमजवळ खडू किंवा अंगठ्याचे नख धरतो, जेथे स्पर्श होतो तेथील त्या बाजूच्या तारेची चावी पाव आटा सैल करतो आणि समोरच्या बाजूच्या तारेची पाव आटा घट्ट. मध्येच तो वीणेसारखी तार छेडून पाहतो. ताणलेल्या तारेचा स्वर आणि सैल तारेचा स्वर वेगळा असतो, हे ज्या माणसाला कळते त्याला ध्वनिशास्त्राचा धडा कोणी शिकविलेला नसतो. मागच्या चाकाच्या कपात बसणारे पाव इंची छर्रे ग्रीसमध्ये बसवून वरून कोन आवळताना असेच होते. जास्त आवळला तर चाक रडत फिरते, कमी आवळला तर हलते. या दोहोंमधील जागा मोजण्याचे माप नाही. ती मनगटाला कळते. क्रॅंकची कॉटर पिन ठोकणे, फ्रीव्हीलमधील केसासारख्या बारीक स्प्रिंगवरचे खटके बसविणे, ताणून लांबलेल्या चेनमधून एक कडी कमी करणे, या सर्व गोष्टी पुस्तकात नाहीत असे नाही. पण त्या पुस्तकातून कोणी शिकल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे.

आणि दुरुस्ती झाली की हा माणूस स्वतः त्या सायकलवर टांग टाकून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. या चकरेकडे गिऱ्हाईक दुर्लक्ष करते, पण तीच त्याची परीक्षा असते. सीटवर बसल्याबरोबर पायडलखालचा खडखडाट, हँडलचा कल, मागच्या चाकाची कुरकुर त्याच्या अंगाला जाणवते. या धंद्यातील जुनी माणसे बहुधा आयुष्यभर सायकलच चालवितात. त्यामागे मोटारसायकल परवडत नाही हे कारण असतेच, नाही असे नाही. परंतु तेवढेच कारण मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. स्वतः बांधलेल्या चाकावर बाजारहाट करणारा, आठवड्याच्या बाजाराला शेजारच्या गावी जाऊन वाटेतल्या सायकली दुरुस्त करीत येणारा, सत्तरीतही मेडशीच्या बाजूचा घाट न उतरता चढण्याचा हट्ट धरणारा माणूस हा हौशी नव्हे तर काय? ‘हौस’ हा शब्द मात्र पैसेवाल्यांसाठी राखून ठेवण्याची आपली रीत आहे.

एके काळी या टपरीला गावात मान होता. स्वातंत्र्यानंतर देशात सायकलीचे कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ टी. आय. सायकल्सची स्थापना १९४९ ची, सोनपतची ॲटलस १९५१ ची, लुधियान्याची हीरो १९५६ ची. आसनसोलला सेन-रॅले होती. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याचा काळ तो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, टपालवाला, दूधवाला, कचेरीतील कारकून यांची सारी दौड दोन चाकांवर होती आणि सरकारी नोकराला सायकल घेण्यासाठी अग्रिम मिळत असे. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडले तर पोलीस अडवीत. ज्यांची ऐपत नव्हती त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याची सायकल होती. दुकानातील जाड वहीत नाव आणि वेळ लिहिली जाई. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी तासभराची सायकल घेऊन आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून आणि शेवटी सीटवर बसून सायकल शिकलेली असेल. त्या वहीत उधारी राहिलेली नावेही पुष्कळ असतील. ती कोणी वसूल केल्याचे ऐकिवात नाही.

मग चित्र पालटले. पुण्याची लुना १९७२ साली आली. १९८४ साली सायकली बनविणाऱ्या हीरोच्याच घराण्याने जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि पुढच्या वर्षी मोटारसायकल बाजारात आणली. ज्या नावाची सायकल टपरीवर दुरुस्तीला येत असे, त्याच नावाच्या मोटारसायकलने टपरीचे गिऱ्हाईक नेले. नगरपालिकांचे बिल्ले कधी गेले ते कळलेही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे सायकल अग्रिमही सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली बंद झाले. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला. दोनच वर्षांनी, २०२० च्या ३ जूनलाच, ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याच्या फाटकावर कामगारांना काम बंद झाल्याची नोटीस वाचावी लागली. योगायोगानेही कधी कधी क्रूर व्हावे तसा हा प्रकार.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सायकलच संपली, म्हणून तिचा कारागीरही संपला, असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०११ च्या जनगणनेत ते प्रमाण ४४.८ टक्के होते. त्याच दहा वर्षांत स्कूटर-मोटारसायकल बाळगणारी कुटुंबे ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेली. म्हणजे सायकल घटली नाही, सायकलस्वार बदलला. पगारदार माणूस मोटारसायकलवर गेला आणि सायकल शेतमजूर, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, फेरीवाला आणि शाळकरी मुले यांच्याकडे राहिली. दुरुस्तीचे पैसे मोजू शकणारे गिऱ्हाईक उठून गेले. ज्याला दुरुस्तीची गरज सर्वाधिक आहे, पण ज्याच्या खिशात सर्वांत कमी आहे, ते गिऱ्हाईक उरले. टपरीचे गणित बिघडले ते येथे. ट्यूब नसलेल्या मोटारसायकलच्या टायरमध्ये रबराची पट्टी खुपसून पंक्चर काढायला पाच मिनिटे लागतात आणि त्याचे पैसेही जास्त मिळतात. सायकलच्या पंक्चरला त्याच्या तिप्पट वेळ द्यावा लागतो. तरुण मुलाने कोणते काम निवडावे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

हा प्रश्न केवळ एका वृद्ध कारागिराच्या पोटाचा असता, तर ‘काळ बदलला’ असे म्हणून तो मिटविता आला असता. टांगेवाले गेले, कल्हईवाले गेले, तसेच हेही, असा युक्तिवाद करणारे लोक निर्दय असतात असे नव्हे. ते वस्तुस्थितीच सांगत असतात. परंतु टांगे गेले तेव्हा सरकार मुलींना टांगे वाटीत नव्हते. सायकली मात्र वाटल्या जात आहेत.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले जाते. वाशिमसारखा जिल्हा या कार्यक्रमाच्या कक्षेत असणे हे त्याच्या मागासपणाचेच प्रमाणपत्र आहे. पण योजना चांगली आहे, यात शंका नाही. पूर्वी अनुदानाची रक्कम ३,५०० रुपये होती, ती २०२२ साली ५,००० करण्यात आली. सायकलने मुलींच्या शिक्षणात किती फरक पडतो, याचे पुरावे देशातच आहेत. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा मुलींचा माध्यमिक शाळेतील प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. आणि हा परिणाम जेथे शाळा दूर होती तेथे अधिक होता. त्याआधी, १९९०-९२ च्या सुमारास, तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली होती. अक्षरांबरोबर सायकल शिकविली पाहिजे, हे तेथील प्रशासनाला सुचले याचे आजही आश्चर्य वाटते.

पण सायकल ही वही नव्हे, की एकदा दिली आणि संपले. पाच हजारांच्या आसपास येणारी सायकल कारखान्यातून सुट्या भागांत येते आणि हंगामाच्या गर्दीत दुकानात घाईघाईने जोडली जाते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही आठवड्यांत आपापल्या जागी बसतात आणि सैल पडतात. हे कोणत्याही कारागिराला ठाऊक असते, म्हणून तो नवी सायकल महिन्याभराने एकदा दाखवायला सांगतो. ती दाखविली नाही तर चाक वाकडे होते, वाकड्या चाकाची तार तुटते, आणि एक तार तुटली की पाठोपाठ तीन तुटतात. त्यात येथील जमीन काळी. पहिल्या पावसानंतर पांदणीतून सायकल नेली की चिकण माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी भरते की चाकच फिरेनासे होते. सायकल मुलीला नेत नाही, मुलगीच सायकलला खांद्यावर नेते. माती वाळली की कपात शिरते, छर्रे झिजतात, चेन गंजते. हे सारे पंधरा मिनिटांच्या देखभालीने टळण्यासारखे आहे. परंतु ती पंधरा मिनिटे देणारा माणूस गावात उरलेला नसेल आणि तालुक्याच्या गावी जायचे तर त्यासाठीच सायकल चालू हवी, अशी ही कोंडी आहे. मग एका फुटलेल्या ट्यूबसाठी सायकल ओसरीला टेकते. बापाला सोंगणीतून सवड नसते, भावाला मोटारसायकलचा नाद असतो. मुलगी पायी जाऊ लागते. पायी जाणे फार झाले की शाळेत जाणे थांबते. कागदोपत्री मात्र ती लाभार्थीच असते.

सरकारी यंत्रणेत वाटपाची नोंद असते, वापराची नसते. ही उणीव एकट्या सायकलीपुरती नाही. हातपंप असो की शाळेतील संगणक, वस्तू देणाऱ्याला आपले काम वस्तू दिल्याबरोबर संपले असे वाटते. आफ्रिकेतील झांबियामध्ये शाळकरी मुलींना सायकली देणाऱ्या एका संस्थेने नेमका हा धोका ओळखला. तिने जाड तारांची, ओझे झेपणारी सायकल निवडली आणि तिच्याबरोबर त्या त्या भागात दुरुस्ती करणारे कारागीर प्रशिक्षित करून, अवजारे देऊन बसविले. तेथील पाहणीत मुलींची गैरहजेरी सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. कारागीर हा तेथे योजनेचा भाग होता. आपल्याकडे कारागीर अगोदरपासून होता, तो योजनेत घ्यावा एवढेच करायचे होते.

याच सुमारास शहरांत सायकलीला नवे दिवस आले आहेत, आणि त्याचा आनंदही मानला पाहिजे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करण्याची शर्यत एकट्याने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा संपविली. विदर्भातील डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी पहाटे शिरस्त्राण घालून गिअरच्या सायकली पिटाळताना दिसू लागले आहेत. या सायकलींना दुरुस्त करणारी दुकाने वेगळी, त्यांचे दरही वेगळे. टपरीवरचा कारागीर या सायकलींकडे कुतूहलाने आणि किंचित संशयाने पाहतो. डिस्कचा ब्रेक, बंद बेअरिंग, सात पाकळ्यांचे फ्रीव्हील हे त्याला कोणी शिकविलेले नाही. शिकविले तर शिकणार नाही असे नव्हे. ज्याने कानाने तार जुळविली त्याला गिअरची तार जुळविणे अवघड जाऊ नये. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाने त्याला नवे, पैसे देणारे गिऱ्हाईक मिळू शकते. येऊ घातलेल्या विजेच्या सायकलींनाही शेवटी चाक आणि चेन आहेतच. परंतु प्रशिक्षणाचा दरवाजा अठरा जणांसाठी उघडा आहे आणि हा एकोणिसावा आहे.

रस्त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव आहे. तो वेगाचा मार्ग असल्याने त्यात गैर काही नाही. पण अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोलीकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलींनी कोणत्या कडेने जावे, याचाही विचार कोणीतरी करावयास हवा होता. रस्ता रुंद होतो तेव्हा मोटारीला जागा वाढते, सायकलला कमी होते, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आला. या निर्णयाचे स्वागतच करावयास हवे. मात्र टायर स्वस्त झाला म्हणून तो बसविणारा आपोआप निर्माण होत नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. विश्वकर्मा योजनेच्या यादीत सायकल-कारागिराची भर घालण्याची मागणी राज्य सरकारने केंद्राकडे करावी. पिढीजातपणाची अट आड येत असेल तर ती अटच तपासून पाहावी, कारण उस्तादाजवळ शिकलेला शिष्य हीसुद्धा परंपराच आहे आणि योजनेच्या घोषणेत गुरु-शिष्य परंपरेचा गौरवही आहे. तोवर जिल्हा परिषदेने थांबण्याचे कारण नाही. अनुदानाबरोबर वर्षाला दोन देखभालींची कुपने मुलीच्या हाती दिली आणि ती कोणत्याही टपरीवर चालतील अशी व्यवस्था केली, तर मुलीची सायकल चालू राहील आणि टपरीची चूलही. शाळांत कार्यानुभवाचा विषय आहे. त्यात कागदी फुले आणि पाकिटे करून घेण्याऐवजी आठवीच्या मुलींना एका कारागिराकडून पंक्चर काढायला, चेनला तेल द्यायला आणि कोन आवळायला शिकविले, तर त्या तासाचा उपयोग होईल. मुलीने पाना धरणे शोभत नाही असे म्हणणारे पालक निघतील. तिने सायकलवर बसणेही एके काळी शोभत नव्हतेच. शिकविणाऱ्या कारागिराला तासिकेचे मानधन मात्र द्यावे. ‘समाजसेवा’ म्हणून त्याला फुकट बोलाविण्याची सवय आपल्या शाळांना असते, ती येथे टाळावी.

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे येथे मधले काही आठवडे मोकळे मिळतात. पेरणीपूर्वीच्या त्या दिवसांत तालुक्यातील दोन-तीन कारागिरांना एकत्र बसवून मोठ्या गावांच्या शाळांच्या पटांगणात दुरुस्तीचे दोन दिवस ठेवले, तर ओसरीला टेकलेल्या सायकली पहिल्या पावसाआधी रस्त्यावर येऊ शकतात. त्यासाठी लागणाऱ्या साहित्यात ट्यूब, ठिगळे, तारा, छर्रे, ग्रीस आणि घमेलेभर पाणी याहून अधिक काही नाही. किती सायकली आल्या, किती दुरुस्त झाल्या आणि किती दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या होत्या, याची नोंद मुख्याध्यापकांनी ठेवावी, म्हणजे वाटलेल्या सायकलींपैकी चालणाऱ्या किती हे जिल्ह्याला एकदा तरी कळेल.